लुआन-जिएचा उजवा कान

शिनच्वांगच्या त्या कारखान्यात यू श्यौलुआनला पूर्ण नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. गेटवरच्या वॉचमनपासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांची ती लुआन-जिए, म्हणजे लुआनताई. तिचे कान हे कारखान्यातल्या यंत्रांसारखेच कंपनीच्या मालकीचे आहेत असंही सगळे धरून चालत. तिला शिंक आली की वरच्या मजल्यावरून आल्याचा गरम काढा यायचा. "मला न्यूमोनिया झाला तरी कुणी पाणी विचारत नाही," असं तिचा नवरा आल्योंग म्हणे. तो टॅक्सी चालवायचा आणि त्याला कुणीतरी काहीतरी विचारावं अशी त्याची फार इच्छा असे.

लुआनचं काम ऐकण्याचं. कारखान्यात कॉम्प्युटर थंड ठेवणारे पंखे, नळ्या आणि पंप बनत. साध्या कॉम्प्युटरचे नव्हेत, टेबलाशेजारी उभी राहणारी जी महागडी धुडं असतात त्यांचे. असं धूड आतून भट्टीसारखं तापतं, आणि गिऱ्हाइकाला मात्र ते झोपलेल्या मांजरासारखं गप्प हवं असतं. खोक्यावर छापतात, 'कुजबुजीपेक्षा शांत'. छापायला काय जातंय! तो आकडा मोजतात तेव्हा मशीन आळसावून बसलेलं असतं आणि मापक चांगलं लांब ठेवलेलं असतं. त्याला खरं काम लावलं, आत आग पेटली, की मग कळतं कोण किती शांत ते. शिवाय आकडा सारखा आला म्हणून आवाज सारखा नसतो. एक वाऱ्यासारखा वाहून जातो, माणूस त्याला विसरतो. दुसरा डासासारखा कानाशी बसतो आणि आठवड्याभरात मशीन परत येतं. हा डास शोधायला लुआन-जिए.

ती जिथे बसे त्या खोलीला सगळे मुकी खोली म्हणत. भिंतींतून, छतातून स्पंजचे लांब सुळके आत आलेले. पायाखाली जमीन नाही, नुसती ताणलेली तारेची जाळी आणि तिच्याखाली पुन्हा सुळके. जाड दार लागलं की बाहेरचं जग कापल्यासारखं तुटे. आत टाळी वाजवली तर ती हातातल्या हातात मरून जाई. नवी माणसं तिथे टिकत नसत. कुणाला गरगरे, कुणी स्वतःच्या घोट गिळण्याच्या आवाजाला दचकून बाहेर पळे. लुआन मात्र दारात चपला काढायची, अनवाणी जाळीवरून चालत खुर्चीत जाऊन बसायची आणि माहेरी आल्यासारखा सुस्कारा सोडायची.

खरं तर माहेर असलं मुकं नव्हतंच. यून्लिनच्या समुद्रकाठी तिच्या वडिलांची माशांची तळी होती. तळ्यांत हवा मिसळायला लोखंडी पात्यांची चाकं रात्रंदिवस पाणी फेकत असत. त्या धबधब आवाजात पोरं जन्मली, वाढली, परीक्षांत नापास झाली. आवाजाने कधी कुणाची झोप मोडली नाही. पण चाक बंद पडलं, की त्या शांततेने सगळं घर ताडकन उठून बसे. वडील चड्डीवर धावत सुटत. उशीर झाला तर सकाळी तळ्यावर पांढरी पोटं तरंगताना दिसत.

सोळाव्या वर्षी ती शिनच्वांगला आली आणि पंख्यांच्या लाइनवर बसली. तिथे लाय वस्तादांनी तिला हेरलं. वस्ताद स्वतः पंखा कानाशी धरून बेअरिंगची जात सांगणारे. चिडका माणूस, तोंडात सदा सुपारी, पण शिकवताना हातचं राखलं नाही. त्यांचं एक म्हणणं लुआनने पुढे किती पोरापोरींना ऐकवलं असेल: "पंखा हळूहळू शांत झाला, तर सुधारला. एकदम शांत झाला, तर आधी हात लावून बघ, मग टाळ्या वाजव." वस्ताद गेल्याला बरीच वर्षं झाली होती. खुर्ची मात्र त्यांचीच होती. लुआनने ती बदलू दिली नाही.

ज्या उन्हाळ्याची ही गोष्ट, त्या उन्हाळ्यात मुक्या खोलीत ऐकणारा दुसरा एक जण आला. ते होतं करड्या रबराचं मुंडकं. नाक होतं, हनुवटी होती, डोळ्यांच्या जागी नुसते खड्डे आणि दोन्ही कानांत बारीक मापकं. माणूस जसं ऐकतो अगदी तसं ते ऐकतं म्हणे. त्याला सर्दी होत नाही, पगारवाढ लागत नाही. लुआनने पहिल्याच दिवशी त्याच्या डोक्यावर आपली टोपी चढवली आणि म्हणाली, "उघडाबोडका नको बसू रे, थंडी वाजेल." सगळे हसले. पण त्या दिवसापासून तिची पाठ मुंडक्याकडे झाली नाही. खुर्ची ती थोडी तिरकी करून घ्यायची.

आणि त्याच सुमारास ते मशीन आलं.

परदेशी गिऱ्हाईक, भरमसाट किंमत, आणि अट एकच: ऐकू येता कामा नये. कारखान्याने जीव ओतला होता. मोठे, संथ पंखे. बोटभर जाडीच्या तांब्याच्या नळ्या. पाणी फिरवणारा पंप रबराच्या गादीवर निजवलेला. प्रयोगशाळेचा प्रमुख त्सेंग, ज्याला तो शिकाऊ म्हणून आल्यापासून लुआन 'छोटा त्सेंग' म्हणायची आणि आता मॅनेजर झाला तरी म्हणतच होती, तो ते मशीन लेकीला बोहल्यावर आणावं तसं घेऊन आला.

"जिए, आज तुमचा कान हरणार."

"हरू दे की. पोराच्या हातून हरायला मला काय लाज?"

दार लागलं. मशीनला काम लावलं. आत भट्टी पेटली. लुआनने डोळे मिटले. हवेचा एक अगदी बारीक पदर होता, रेशमी, तक्रारीला जागा नाही असा. ती 'पास' म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्या पदराखाली तिला काहीतरी ऐकू आलं.

शू... शू... शू...

उजवीकडून. खालच्या अंगाने. पंपाने पाणी ढकलल्यासारखं.

"हा परत जाईल," ती बाहेर येऊन म्हणाली. "पंप ठोके देतोय."

त्सेंगने पडद्यावर पाहिलं. मुंडक्याच्या दोन्ही कानांत काहीच नव्हतं. रेषा सपाट होती.

पंप बदलला. शू... शू... पंखे बदलले. स्क्रूंखाली मऊ रबर घातलं. कुणीतरी मशीनवर नेहमीप्रमाणे खाऊची हिरवी पुडी ठेवली होती, नीट चालावं म्हणून. तिचा प्लास्टिक कागद थरथरतो म्हणून लुआनने तीही काढायला लावली. आवाज होता तिथेच. कधी सकाळी जलद, तर कधी जेवणानंतर संथ. लिफ्ट बंद होती आणि ती जिने चढून आली त्या दिवशी तर पंप नुसता धावत होता. हे सगळं ती त्सेंगला इमानाने सांगायची. त्सेंग नुसतं ऐकून घ्यायचा. त्या पंपाला वेग एकच होता, तो कमीजास्त होण्याची सोयच नव्हती.

इतक्या वर्षांत मापकाचा आणि लुआनच्या कानाचा निकाल कधी वेगळा पडला नव्हता. आता पडला. एक तर मशीन खोटं, नाहीतर कान. कान खोटा ठरला तर वस्तादांची खुर्ची त्या रबरी मुंडक्याच्या खाली जाणार, हे कुणी बोललं नाही, पण झाडूवाल्या बाईलाही ठाऊक होतं. लुआन जेवताना बोलेनाशी झाली. रात्री उशीला कान लावला की तिथेही शू शू. दिवसभर बोटीत बसलेला माणूस अंथरुणातही डोलतो, तसं असेल, असं तिने स्वतःला समजावलं. माणसाला स्वतःची समजूत घालायला कारणं कधी कमी पडत नाहीत.

त्यात पंचांगातला सातवा महिना लागला. पलीकडची, मेलेल्यांच्या जगाची दारं उघडली. आता महिनाभर भुताचं नाव घ्यायचं नाही, 'भाऊमंडळी' म्हणायचं. शीळ घालायची नाही. मागून कुणी हाक मारली तर वळायचं नाही. पॅकिंगमधली बाओफंग, लुआनची जुनी मैत्रीण आणि तोंडाची फाटकी, डबा खाता खाता म्हणाली, "मी सांगू? लाय वस्ताद आलेत. त्यांची खुर्ची, त्यांची खोली. म्हातारा तुझ्या उजव्या खांद्याशी उभा राहून श्वास घेत असेल."

"वस्ताद असते तर सुपारीचा वास आला असता," लुआन म्हणाली. पण दुपारी आत जाताना तिने खुर्चीच्या उजव्या बाजूला थोडी जागा सोडली.

त्या दुपारी ती बराच वेळ ऐकत बसली. मध्ये चहाला उठली, पुन्हा येऊन बसली. डोळे मिटले. या वेळी त्सेंग आतच, तिच्या मागे थांबला होता.

"आता?" त्याने विचारलं.

"आहे."

"कुठे?"

"उजवीकडे. खाली. तोच पंप. आज हवेचा पदरसुद्धा नाहीये बघ, पंखे छान बसवलेत. पण हा आहे."

मग तारेची जाळी कुरकुरली आणि त्सेंग तिच्या पुढे येऊन उभा राहिला. त्याच्या हातात मशीनचा प्लग होता.

"जिए," तो म्हणाला, "तुम्ही चहाला उठलात तेव्हाच काढला मी हा."

लुआनने प्लगकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं. दिवे विझलेले. मशीन मेलेलं होतं. आणि त्या खोलीत, जिथे टाळीसुद्धा मरते, शू शू चालूच होतं. आता थोडं जलद.

"पोरा," ती म्हणाली, "मग हे काय आहे?"

त्सेंग वाईट माणूस नव्हता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला माहीत नाही, जिए. आपण डॉक्टरांना विचारू. मी वर कुणाला सांगितलेलं नाही."

संध्याकाळी आल्योंग टॅक्सी लावून घरी आला तेव्हा लुआन टीव्ही बंद करून बसली होती. टॅक्सी गल्लीत शिरली की तिच्या इंजिनाचा पट्टा किंचाळायचा आणि लुआन खिडकीतून ओरडायची, "तो पट्टा बदल, नाहीतर वेगळं घर बघ!" आज ती ओरडली नाही. आल्योंगला तेवढ्यानेच धास्ती वाटली. तिने सगळं सांगितलं.

"हात्तिच्या!" तो म्हणाला. "लग्न झाल्यापासून मी सांगतोय, तुझ्या डोक्यात काहीतरी फिरतंय म्हणून. तेव्हा कुणी प्लग काढून बघितला नाही."

"चेष्टा नको रे."

"बरं, बघू तरी." तो तिच्याजवळ सरकला आणि आपला कान तिच्या उजव्या कानाला भिडवला. गालावर त्याची खुंटं टोचली. तो हसत होता. मग त्याचं हसू थांबलं. तो तसाच राहिला, श्वास रोखून.

"अगं," तो हळूच म्हणाला, "हे तर ऐकू येतंय."

लुआनला आधी जो वाटला तो आनंदच. कान खोटा नव्हता! आवाज होता, खरोखर होता, आणि तो तिने पकडला होता. मुंडकं हरलं, मापकं हरली. तिने आल्योंगचा हात घट्ट धरला. मग आपण कशाबद्दल आनंद मानतोय हे तिच्या ध्यानात आलं आणि तिने तो सोडला.

गल्लीतले कान-नाक-घशाचे डॉक्टर म्हातारे होते आणि औषधांपेक्षा विनोद जास्त देत. त्यांनी तिच्या कानात बॅटरी मारली, "वा, असा कान मला मिळता तर बायकोचं सगळं ऐकलं असतं," असं म्हणाले. मग स्टेथस्कोप काढला आणि तिच्या उजव्या कानामागे, हाडावर ठेवला. त्यानंतर त्यांनी विनोद केला नाही.

"इथे बोट ठेवा," ते म्हणाले. लुआनने ठेवलं. कातडीखाली बारीक थरथर होती, मशीनच्या पत्र्यावर बोट ठेवल्यावर लागते तशी.

"रक्ताच्या दोन वाटा असतात. एक जोराची, एक संथ. त्या जिथे जुळू नयेत तिथे जुळल्यात असं मला वाटतं. मला वाटतं म्हणून भागत नाही, मोठ्या हॉस्पिटलात डोक्याचे फोटो काढून घ्या. चिठ्ठी देतो. कदाचित नळी घालून बंद करता येईल, कदाचित काहीच करावं लागणार नाही. पण उगाच दिवस घालवू नका. आणि आवाज बदलला, डोकं दुखलं, दिसायला धूसर झालं, तर तारखेची वाट बघायची नाही, तसंच निघायचं."

हॉस्पिटलची तारीख लगेच मिळाली. सातव्या महिन्यातली.

सातव्या महिन्यात लोक लग्न करत नाहीत, घर घेत नाहीत, समुद्रात उतरत नाहीत, आणि अगदी जिवावर बेतलं नसेल तर डॉक्टरच्या सुरीखाली जात नाहीत. म्हणून तर तारीख लगेच मिळते. लुआन आणि आल्योंग एकमेकांकडे बघत राहिले. दोघांनाही तेच म्हणायचं होतं आणि कुणी आधी म्हणायचं एवढाच प्रश्न होता.

"नुसते फोटोच तर आहेत," लुआन म्हणाली.

"आज फोटो, उद्या नळी," आल्योंग म्हणाला. "आणि हॉस्पिटलात या दिवसांत किती गर्दी असते माहीत आहे ना? आपल्याला दिसणारी नव्हे, दुसरी. एका महिन्याचाच तर प्रश्न आहे. आठवा लागला की पहिल्या दिवशी जाऊ. पट्टासुद्धा बदलतो."

लुआनने स्वतःच फोन केला. पलीकडची मुलगी सरावलेली होती. "आठव्यातली पाहिजे ना, मावशी? सगळ्यांनाच आठव्यातली पाहिजे. अगदी गच्च आहे हो. शेवटच्या आठवड्यात बघू का?"

"बघ बाई," लुआन म्हणाली.

दुसऱ्याच्या पंख्यातली किरकिर जिला भिंतीपलीकडून ऐकू यायची, तिने स्वतःच्या डोक्यातली अशी पुढे ढकलली. तिला मूर्ख म्हणायला सोपं आहे. पण त्या गल्लीत एका घरानेही तिला अडवलं नसतं, उलट शहाणी म्हटलं असतं.

त्सेंगने तिला मुक्या खोलीतून सुट्टी दिली, पगारी. "कान बरा होईपर्यंत बाहेरची कामं बघा, जिए." मशीन थांबून राहिलं. त्यावर मुंडक्याने पास म्हटलं होतं, पण गिऱ्हाइकाला माणसाच्या कानाची सही हवी होती आणि त्सेंगलाही ती लुआनचीच हवी होती. वरून त्याला फोन येत, तो खोटं बोले.

महिन्याच्या मध्यावर कारखान्याच्या अंगणात भाऊमंडळींसाठी टेबलं लागली. फळं, बिस्किटं, नूडल्सची पाकिटं, थंड पेयांचे डबे आणि प्रत्येक वस्तूत खोचलेली उदबत्ती. एका बाजूला पाण्याचं घमेलं आणि नवा टॉवेल, लांबून आलेल्यांनी तोंड धुवावं म्हणून. मोठ्या साहेबांनी नमस्कार केला, मग सगळ्यांनी. धुराने डोळे चुरचुरत होते. लुआनने उदबत्त्या कपाळाशी धरल्या आणि पुटपुटली.

बाजूला उभ्या बाओफंगने ते ऐकलं. "काय मागितलंस?"

"म्हटलं, जाताना हा आवाज घेऊन जा."

"लुआन! अगं यांच्याकडे मागायचं नसतं! यांना फक्त द्यायचं असतं. मागितलं तर देतात, पण मग वसूल करायला येतात. परत घे, आत्ताच्या आत्ता परत घे!"

लुआनने उदबत्त्या लावून टाकल्या होत्या. "ते कागदासारखं फाडता येतं का?" ती म्हणाली आणि हसली. बाओफंग हसली नाही. तिने आपल्या हातातली सगळी उदबत्ती लुआनच्या नावाने पुन्हा लावली.

दुसऱ्या दिवशी पहाटे लुआन ताडकन उठून बसली. कशाने जाग आली हे तिला कळेना. आल्योंग घोरत होता, खाली भाजीची गाडी मागे घेत होते. मग तिला कळलं. शू शू थांबलं होतं.

तिने उशीला कान लावला. काही नाही. बोटं कानात घातली. काही नाही. तिने आल्योंगला गदागदा हलवून उठवलं आणि तो डोळे चोळत तिच्या कानाला कान लावून बराच वेळ बसला.

"गेलं!" तो ओरडला. "अगं, गेलं! भाऊमंडळींनी ऐकलं! आज डुकराच्या पायाची शेवई करतो, सगळी पीडा धुऊन जाऊ दे. दुपारी डबा घेऊन येतो तुझ्या गेटवर."

लुआन कारखान्यात गेली ती धावतच. उजव्या डोळ्यामागे थोडं ठणकत होतं. कालचा धूर, ती म्हणाली. तिने त्सेंगला हाताला धरून ओढलं. "मशीन लाव. पूर्ण काम लाव. आणि या वेळी प्लगशी खेळू नकोस."

ती चपला काढून आत गेली, वस्तादांच्या खुर्चीत बसली, डोळे मिटले. मशीन तापत गेलं. हवेचा तो बारीक, रेशमी पदर आला. त्याच्याखाली काही नव्हतं. ती ऐकत राहिली आणि काहीच नव्हतं. खोक्यावर काहीही छापा, पण हे मशीन खरंच शांत होतं. भट्टीच्या तोंडाशी असताना शांत. इतक्या वर्षांत तिने इतकं सुंदर काही ऐकलं नव्हतं, आणि ते पोरांनी तिच्या डोळ्यांदेखत घडवलं होतं आणि तिनेच ते अडवून धरलं होतं. तिला रडू आलं.

दार उघडून त्सेंग आत आला. "जिए?"

"पास," ती म्हणाली. "पोरा, पास. फार छान केलंस."

त्सेंगने टाळी वाजवली. ती त्याच्या हातातच मेली. तरी तो वाजवत राहिला, दारातून बाकीचेही वाजवू लागले.

लुआन उठली आणि सवयीने मशीनच्या मागे गेली. इतकं शांत मशीन पास करण्याआधी हात लावायचा, पंखा खरंच फिरतोय ना बघायचं. तिने तळवा मागच्या जाळीवर धरला. हवा ऊबदार होती, वाहती होती. सगळं ठीक होतं. मशीन हळूहळू, एकेक रबर, एकेक नळी करत शांत झालं होतं.

तिचा तळवा तसाच राहिला. मग तिने तो उचलला आणि बोट आपल्या उजव्या कानामागे, हाडावर ठेवलं. थरथर नव्हती. काल आंघोळीच्या वेळी होती. ती हळूहळू कमी झाली नव्हती. डोळ्यामागचा ठणका आता कपाळापर्यंत आला होता, आणि खोलीतले करडे सुळके कडेकडेने विरघळल्यासारखे दिसत होते. तिला तळ्याकाठचं घर आठवलं, आणि अंधारात चड्डीवर धावणारे वडील.

"जिए, काय झालं?" त्सेंगने विचारलं.

ती जाळीवरून चालत बाहेर पडली, जिना उतरली, अंगण ओलांडलं. त्सेंग तिच्या चपला हातात घेऊन मागून धावत होता आणि हाका मारत होता. ती वळली नाही.

गेटवर टॅक्सी उभी होती. आल्योंग बॉनेटवर डबा ठेवून झाकण उघडत होता. शेवयांची वाफ वर जात होती. तिचा चेहरा पाहून तो पुढे आला, पण त्याला तो आनंदाचा वाटला. त्याने भर रस्त्यात तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि कानाला कान लावला.

"काही नाही!" तो म्हणाला. "एकदम शांत!"

"म्हणूनच," लुआन म्हणाली. "गाडी काढ. हॉस्पिटल."

"अगं, पण आवाज तर गेला. आणि सातवा महिना..."

"आल्योंग, चाक बंद पडलंय."

माशांच्या तळ्यांची गोष्ट त्याने सासऱ्याकडून शंभरदा ऐकली होती. डबा बॉनेटवरून खाली पडला तो त्याने पाहिलासुद्धा नाही. त्सेंगने तिला मागच्या सीटवर बसवलं, चपला तिच्या पायाशी ठेवल्या आणि स्वतः पुढे बसला. टॅक्सी सुरू झाली आणि पट्टा किंचाळला, साऱ्या रस्त्याने वळून बघावं असा. आल्योंग रडकुंडीला येऊन म्हणाला, "बदलणार होतो गं, उद्याच बदलणार होतो."

"किंचाळू दे," लुआन डोळे मिटून म्हणाली. तिने डोकं दाराला टेकलं, उजवा कान पत्र्याला लावला. "मला ऐकू येतंय तोवर ठीक आहे. तू थांबू नकोस."